जास्त झालेले तिखट : सिंदी (रेल्वे)च्या निमित्ताने

मराठीत 'तिखट' हे विशेषणही आहे आणि नामही. भाजी तिखट असते आणि भाजीत तिखट घातलेही जाते. लाल मिरचीच्या भुकटीला आपण तिच्या गुणाचेच नाव देऊन टाकले आहे. गूळ गोड असतो, पण गुळाला कोणी 'गोड' म्हणत नाही. मिरचीच्या वाट्याला आलेला हा मान भाषेच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवावा असा आहे. भाषेत तिखट वाढवण्याची सोयही भरपूर. तिखटमीठ लावून सांगता येते, नाकाला मिरच्या झोंबतात, जीभ तिखट असते. वाढलेले तिखट कमी करण्यासाठी मात्र ग्रंथांमध्ये शब्द शोधावा लागतो. 'सौम्य करणे' हा पुस्तकी प्रयोग झाला. स्वयंपाकघरात ऐकू येतात ती क्रियापदे वेगळी, आणि ती जवळजवळ युद्धावरची आहेत : तिखट 'मारणे', तिखट 'मोडणे'.

आम्ही मराठीचे अध्यापन करतो, पाकशास्त्राचे नव्हे. तरीही हा विषय आम्हांस इतिहासाचा वाटतो, याचे कारण थोडक्यात सांगतो. पदार्थ कसा करावा हे मराठीत छापून येऊ लागल्याला दीडशे वर्षे होत आली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ सालचे. बिघडलेला पदार्थ कसा सावरावा हे ज्ञान मात्र बहुतांशी तोंडीच राहिले. जे तोंडी राहते ते त्या त्या घराच्या ऐपतीशी, जमिनीशी आणि घरातल्या अधिकारांच्या उतरंडीशी बांधलेले असते. जास्त झालेले तिखट कशाने मारायचे, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घराने आपल्या हाताशी जे होते त्यातून दिले. म्हणून या उत्तरांचा इतिहास हा 'हाताशी काय होते' याचा इतिहास ठरतो.

निमित्ताला आम्ही वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) हे गाव घेतले आहे. सेलू तालुक्यातील हे नगरपरिषदेचे गाव. याच जिल्ह्यात वर्धा शहराला लागून सिंदी (मेघे) आहे, म्हणून याच्या नावापुढे कंसात 'रेल्वे'. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली आणि वर्धा-नागपूर मार्गावरचे हे गाव स्टेशनाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. आमच्या विषयाच्या दृष्टीने या गावाचे स्थान मोठे अर्थपूर्ण आहे. लोहमार्गाच्या एका अंगाला नागपूर, म्हणजे सावजी रश्श्याचे आणि तर्रीचे शहर. दुसऱ्या अंगाला वर्धा आणि त्याच्या शेजारचे सेवाग्राम, जिथे अस्वाद हे व्रत मानले गेले. महाराष्ट्रातील तिखटाची दोन टोके या एका लहानशा लोहमार्गावर आहेत, आणि सिंदीसारखी गावे त्या दोहोंच्या दरम्यान आपली भाजी शिजवीत आली आहेत.

प्रथम मिरचीविषयी. आज वऱ्हाड-नागपूरचे जेवण म्हटले की ठेचा आठवतो, आणि जणू तो अनादिकालापासून या मातीत आहे असे वाटते. वस्तुस्थिती अशी की तेराव्या शतकात ज्या प्रदेशात 'लीळाचरित्र' घडले आणि लिहिले गेले, त्या प्रदेशाने मिरची पाहिलेली नव्हती. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे क्षेत्र. तिथल्या भिक्षान्नात तिखटपणा असलाच तर तो मिरीचा, आल्याचा, मोहरीचा किंवा पिंपळीचा. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लासा'त राजाच्या अन्नभोगाचे सविस्तर वर्णन आहे. तिथेही मिरी आहे, हिंग आहे, आले आहे, मिरची नाही. असणेच शक्य नव्हते. मिरची मूळची अमेरिका खंडातील. कोलंबसाची पहिली सफर १४९२ची, आणि पोर्तुगीजांनी गोवा घेतले ते १५१० साली. त्यानंतरच्या काळात त्यांच्या जहाजांतून आलेली ही वनस्पती किनाऱ्यावरून घाटावर आणि घाटावरून पुढे पसरली. तिला नावही जुन्याच पाहुणीचे मिळाले. मिरीवरून मिरची.

मिरचीने मिरीला इतक्या सहज बाजूला कसे सारले? मिरीचा वेल दमट हवेचा, मलबार-कानडा किनाऱ्याचा. वर्ध्याच्या काळ्या जमिनीत, पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या उन्हाळ्यात, तो यायचा नाही. मिरी म्हणजे विकत आणायची वस्तू. मिरची मात्र परसात, बांधावर, विहिरीच्या काठाला येते, वाळवता येते आणि वर्षभर पुरते. नागपूर जिल्ह्यातील भिवापूरच्या मिरचीला आज भौगोलिक मानांकन आहे, वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीलाही आहे. म्हणजे आपण ज्याला विदर्भाची चव म्हणतो तिचे दोन्ही रंग, लाल आणि पिवळा, इथल्याच मातीतून निघतात. बाजारावर अवलंबून नसलेला तिखटपणा सामान्य घराला पहिल्यांदा मिळाला तो मिरचीमुळे. आणि ती हाताशी भरपूर आली, त्या दिवसापासून ती जास्त होण्याचा प्रश्नही आला.

आता हा प्रश्न नेमका काय आहे ते पाहू. मीठ जास्त झाले तर जीभ खारट म्हणते, साखर जास्त झाली तर गोड म्हणते. तिखट या अर्थाने चवच नाही. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य जिभेवरच्या ज्या ग्राहकाला जाऊन चिकटते, तो ग्राहक खरे तर भाजण्याची सूचना देण्यासाठी आहे. साधारण त्रेचाळीस अंशांच्या वरची उष्णता त्याला जागी करते. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली हा ग्राहक शोधून काढला आणि २०२१ साली त्यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्यासह वैद्यकाचे नोबेल मिळाले. तोंड भाजले असे आपण म्हणतो ते अलंकारिक नाही, मज्जातंतूंपुरते ते अक्षरशः खरे आहे. वाफाळता रस्सा निवल्यावर थोडा कमी तिखट वाटतो त्याचे कारणही हेच. एकाच ग्राहकाला दोन बाजूंनी मिळणारी चिथावणी तेवढी कमी होते.

या द्रव्याचे तीन स्वभाव गृहिणींना शास्त्राआधी ठाऊक होते. पहिला, ते शिजवून नष्ट होत नाही. जास्त उकळल्याने भाजीतले पाणी आटते आणि तिखट उलट वर येते. दुसरा, ते पाण्यात नीट विरघळत नाही, तेलातुपात विरघळते. म्हणून पाणी पिऊन आग शमत नाही. दुधातील केसिन हे प्रथिन त्याला धरून जिभेवरून दूर नेते. ताक, दही, तूप यांवरचा विश्वास असा सार्थ आहे. तिसरा, ते मिरचीच्या बियांत नसून बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या गाभ्यात असते. बिया झटकल्या की तिखट गेले, हा समज त्यामुळे अर्धाच खरा. बियांबरोबर गाभा निघाला तरच फरक पडतो.

अमेरिकेतील औषधशास्त्रज्ञ विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ साली मिरचीचा तिखटपणा मोजण्याची जी रीत काढली, ती आमच्या विषयाला फार जवळची आहे. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात मिसळत जायचा आणि चाखणाऱ्यांना तिखट लागेनासे होईपर्यंत पातळ करायचा. किती पट पातळ केला, तेच त्या मिरचीचे माप. म्हणजे तिखटाचे जगन्मान्य झालेले माप हे मुळात तिखट मोडण्याचे माप आहे. पाणी आणि साखर ही त्याची साधने आहेत, आणि रश्श्यात पाणी वाढवून गुळाचा खडा टाकणारी कोणतीही मराठी बाई त्या प्रयोगशाळेत परकी ठरली नसती.

यावरून एक निष्कर्ष निघतो. पदार्थातले तिखट नाहीसे करता येत नाही. ते एक तर काढून घेता येते, किंवा अधिक अन्नावर वाटून देता येते. गूळ, लिंबू, चिंच यांनी जिभेचे लक्ष दुसरीकडे जाते, तिखट मात्र जागच्या जागी असते. सोललेला बटाटा किंवा कणकेचा गोळा रश्श्यात सोडतात, तोही तिखट निवडून शोषीत नाही. त्याच्याबरोबर थोडा रस्सा तेवढा बाहेर येतो. काढणे आणि वाटणे एवढे दोनच खरे मार्ग. आणि या दोन मार्गांसाठी घरात काय असावे लागते, तिथे इतिहास सुरू होतो.

काढण्याचा मार्ग नागपूरने सर्वांत ठळकपणे दाखवला आहे. तिथे पोह्यांवर हरभऱ्याचा रस्सा घालतात आणि त्या रश्श्यावर तरंगणाऱ्या लाल तेलाला तर्री म्हणतात. इतरत्र तिला तवंग म्हणतील. कॅप्सेसिन तेलात जाते, म्हणून रश्श्यातील तिखटाचा मोठा वाटा तर्रीत जमा होतो. ज्याला झेपत नाही त्याला वाढताना पळीने तर्री बाजूला सारून खालचा रस्सा द्यायचा, ज्याला हवी त्याला वरून आणखी घालायची. एकाच गंजातून दोन तिखटे निघतात. सावजी जेवण नागपूरच्या हलबा कोष्टी या विणकर समाजाच्या घरांतून बाहेर आले. त्यात जवसाचे तेलही वापरले जाते आणि रश्श्यावर तेलाचा थर असतो. हा थर बघून बाहेरचा माणूस घाबरतो. पण तिखट कमी करण्याची सोयही तोच थर करून देतो. मात्र यात एक अट आहे. तेल मुबलक असले तरच तर्री येते. ज्या घरात फोडणीपुरतेच तेल पळीने मोजून घालायचे, तिथल्या भाजीत तिखट सगळीकडे सारखे मुरलेले असते. ते काढता येत नाही. त्या घराला दुसराच मार्ग उरतो, वाटण्याचा.

वाटण्याच्या मार्गात महाराष्ट्राचा भूगोल दिसतो. कोकणात आणि गोव्यात नारळ हाताशी, त्यामुळे आमटी तिखट झाली तर नारळाचे दूध, आणि जेवणाच्या शेवटी सोलकढी. कोल्हापुराने तांबड्या रश्श्याशेजारी पांढरा रस्सा ठेवून जणू आग आणि उतारा एकाच ताटात मांडले. देशावर शेंगदाण्याचा कूट आणि गूळ. विदर्भात नारळ देवापुढे फोडण्यापुरता, वाटणासाठी सुके खोबरे आणि खसखस आणायची ती दुकानातून, सणावाराला. सिंदीच्या आसपासची जमीन कापसाची, तुरीची, ज्वारीची, हरभऱ्याची. त्यामुळे इथला उतारा डाळीचा आणि पिठाचा आहे. वांग्याच्या भाजीत तिखट जास्त पडले तर शिजलेली तुरीची डाळ घोटून तीत सोडायची. पालेभाजी असेल तर हरभऱ्याच्या डाळीचे पीठ पाण्यात कालवून लावायचे, ज्याला जुन्या मराठीत आळण म्हणतात. पीठ आधी कोरडे भाजून घेतले तर कच्चा वास राहत नाही आणि भाजी घट्ट होऊन एकेका घासातले तिखट कमी होते. ठेचा झेपेना झाला तर भाजलेले शेंगदाणे कुटून मिसळायचे. ताक असेल तर कढी. दही घालायचे तर गंज चुलीवरून उतरवून, घुसळलेल्या दह्याला किंचित पीठ लावून, नाहीतर ते फुटते. गोळाभातासारख्या पदार्थात तर ही युक्ती पाककृतीतच शिरली आहे. तिखट मसालेदार डाळीचे गोळे आणि त्यांच्याभोवती साधा भात, सोबत कढी किंवा चिंचेचे सार. तिखट एका जागी कोंडून ठेवायचे आणि खाणाऱ्याने आपल्या बेताने फोडून कालवायचे.

ही व्यवस्था लक्षात घेतली म्हणजे पातेल्यातली दुरुस्ती आणि ताटातली दुरुस्ती असा फरक करता येतो. आपले पारंपरिक ताट तिखट सांभाळण्याचे एक यंत्रच आहे. डावीकडे चटणी, कोशिंबीर, लिंबू. उजवीकडे भाजी. मध्ये वरणभात आणि त्यावर तूप. भाजी तिखट झाली तर दोष ताटात वाटला जातो. दह्यातली कोशिंबीर थोडी, तूप थोडे, भात थोडा. पोळ्याच्या सणाला हे विशेष दिसते. सिंदीचा तान्हा पोळा मोठमोठ्या लाकडी नंदींसाठी विदर्भात प्रसिद्ध आहे, आणि गावात पाहुणे असतात. पाच माणसांचा अंदाज असलेला हात पन्नासांचा स्वयंपाक करू लागला की चुकतो, कारण मसाला माणसांच्या पटीत वाढवत गेले तर तिखट बहुधा वर जाते. त्या दिवशी भाजी सुधारायला कोणी थांबत नाही. पुरणपोळी, तिच्यावरचे तूप, कढी आणि वडे हे सारे ताटात असते, ते परस्पर निभावून नेते.

पण सगळीच ताटे अशी भरलेली नसतात. ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा आणि कांदा, एवढेच ताट असेल तर दुरुस्ती कशाने करायची? इथे आमच्या मते विदर्भाच्या तिखटाचे खरे मर्म आहे. तिखट हा चैनीचा प्रकार नसून काटकसरीचा होता. चिमूटभर ठेच्यावर दोन भाकरी उतरतात. कोरडी भाकर गिळायला लाळ सुटावी लागते, आणि ती मिरची सोडवते. भाजीला पैसा नाही, दुधदुभते विकायचे, तूप सणापुरते, अशा घरात मिरची हीच भाजी असते. बाहेरून येणारा माणूस म्हणतो, ही माणसे फार तिखट खातात. त्याने म्हणायला हवे, यांच्या ताटात तिखटाखेरीज फारसे काही नाही. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकाने मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली, तेव्हा मराठी पाकपुस्तकांनी गृहीत धरलेले स्वयंपाकघर किती मोजक्या घरांचे होते हे प्रथमच ढळढळीतपणे समोर आले. 'तिखट झाले तर वरून साय घाला' हा सल्ला ऐकायला सोपा आहे. ज्या घरात साय नाही त्या घराला तो लागू नाही.

याच पार्श्वभूमीवर लोहमार्गाचे दुसरे टोक पाहावे लागते. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला आले आणि १९३६च्या एप्रिलअखेर शेगाव या खेड्यात राहायला गेले. पुढे १९४० साली त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. त्यांच्या एकादश व्रतांत अस्वाद हे एक व्रत. लंडनमधील विद्यार्थिदशेतच त्यांनी मसाले सोडले होते, आणि आत्मकथेत त्याचा निष्कर्ष असा काढला होता की चवीचे खरे ठिकाण जीभ नसून मन आहे. १९१५ साली हरिद्वारच्या कुंभात त्यांनी दिवसाकाठी पाचांहून अधिक पदार्थ न खाण्याचे व्रत घेतले. १९४२ साली आगाखान पॅलेसच्या कैदेत लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तिकेतही मसाल्यांना त्यांनी अन्नात जागा दिली नाही, फार तर औषधात दिली. तिखट जास्त झाले तर काय करावे, हा प्रश्न सेवाग्रामच्या स्वयंपाकघराने मुळापासूनच काढून टाकला होता.

तिथे उलट प्रश्न उभा राहिला. अमेरिकी पत्रकार लुई फिशर १९४२च्या जूनमध्ये आठवडाभर सेवाग्रामला राहिले. त्यांनी लिहून ठेवले आहे की पालेभाजी आणि भोपळा यांचे तेच ते उकडलेले मिश्रण लागोपाठ खाऊन ते कंटाळले. गांधीजींनी त्यांना मीठ आणि लिंबू घ्यायला सुचवले. म्हणजे मी चव मारावी असे तुम्हांला वाटते काय, असे फिशर यांनी विचारले. मारायची नाही, वाढवायची, असे उत्तर मिळाले. तुम्ही इतके अहिंसक की चवीलाही मारणार नाही, अशी फिशर यांनी थट्टा केली, तेव्हा माणसांनी तेवढेच मारले असते तर आपली हरकत नव्हती अशा अर्थाचे गांधीजी बोलले. आमच्या बायका तिखट 'मारतात' हे फिशर यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण व्रताच्या त्या स्वयंपाकघरातही दुरुस्ती शेवटी ताटातच, खाणाऱ्याच्या हाताने झाली, हे ध्यानात घ्यावे.

अस्वादाची थट्टा करणे सोपे आहे आणि ती करण्याचा आमचा हेतू नाही. गांधीजींना खेड्यातल्या माणसाच्या आहारात काय कमी आहे याची जाण त्यांच्या अनेक टीकाकारांपेक्षा अधिक होती. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे केंद्र वर्ध्यातील मगनवाडीत होते. तिथे जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली घाणीचे तेल, हातसडीचा तांदूळ, गूळ यांचे प्रयोग चालत. १९३५ साली गांधीजींनी तिथे सोयाबीनचाही प्रयोग करून पाहिला आणि 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिले. आज सोयाबीन वर्धा जिल्ह्याचे प्रमुख पीक आहे, पण ते घराच्या गंजात न जाता बाजार समितीत जाते. मगनवाडीच्या यादीकडे पुन्हा पाहा : तेल, गूळ, डाळीसारखे प्रथिन. तिखटाला उतारा म्हणून जे जे लागते, नेमके तेच. मसाला सोडा असे सांगणाऱ्या चळवळीने मसाल्याची गरज भासू नये अशा ताटाचीही कल्पना केली होती. ती कल्पना गावांपर्यंत जितकी पोचायला हवी होती तितकी पोचली नाही, आणि उपदेश मात्र पोचला. दूध-तूप-फळे असलेल्या ताटातून मिरची सोडणे आणि केवळ भाकर असलेल्या ताटातून मिरची सोडणे, ही दोन वेगळी व्रते आहेत. पहिल्यात त्याग आहे. दुसऱ्यात जेवणच सुटते.

राहता राहिला दोषाचा प्रश्न. भाजीत तिखट 'झाले' असे आपण म्हणतो. क्रियापद अकर्तृक आहे, पण घरात कर्ता सर्वांना ठाऊक असतो. नव्या सुनेच्या हातचे तिखट हे सासरच्या परीक्षेचे एक ठरलेले स्थळ होते, आणि जात्यावरच्या ओव्यांतील सासुरवासात स्वयंपाकघर वारंवार येते ते उगाच नव्हे. माहेरच्या मिरचीचा अंदाज सासरच्या मिरचीला लागू पडत नाही. एखाद्या गावची मिरची रंगाला, दुसऱ्या गावची जाळाला. ब्याडगी मूठभर घालावी आणि लवंगी दोनच. हे न सांगता कळावे अशी अपेक्षा असे. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने (१९७०) वाटी-चमच्याची मापे दिली तेव्हा मराठी मध्यमवर्गीय घरातील हजारो नवख्या मुलींना धीर मिळाला. अंदाज हा अनुभवी हाताचा अधिकार असतो, मापाने तो थोडा वाटून घेतला गेला.

दुरुस्तीतही उतरंड होती. पुरुषांची आणि मुलांची पंगत आधी. त्यांच्यासाठी दही निघे, तूप निघे, वरचे वरण निघे. बायकांची पंगत बसेपर्यंत उतारा संपलेला असे आणि तळाची, आटलेली, अधिक तिखट भाजी उरलेली असे. तिखट 'वाटून' कमी होते असे आम्ही वर म्हटले. कोणाच्या वाट्याला किती आले, हेही विचारायला हवे. बाईची जीभ तिखटाला सरावते असे म्हणतात. सततच्या वापराने तो ग्राहक काहीसा बधिर होतो, हे शास्त्रीयदृष्ट्याही खरे आहे. पण सराव आणि आवड एक नव्हेत.

गेल्या काही दशकांत चित्र बदलले. डब्यातले तेल घरोघरी आले, दुधाच्या पिशव्या आल्या, खानावळींत काजूची पेस्ट आणि मलई हा सार्वत्रिक उतारा झाला. आज सिंदीत भाजी तिखट झाली तर दही दुकानातून आणता येते. हे चांगलेच झाले. यात एक गोष्ट मात्र झाकली जाण्याचा संभव आहे. आता तिखट हे अभिमानाचे चिन्ह झाले आहे, सावजीच्या पाट्या महामार्गावर लागतात, कोण किती तिखट खाऊ शकतो याच्या पैजा लागतात. ज्या ताटांनी हे तिखट घडवले त्या ताटांत दुसरे काय नव्हते, हे त्या पैजांत कोणी विचारीत नाही.

म्हणून तिखट जास्त झाल्यास काय करावे, याचे आमचे उत्तर जुनेच आहे. तर्री असेल तर काढा. नसेल तर डाळ घोटून घाला, पीठ लावा, ताक करा. भाजी थोडी वाढेल. वाढलेली भाजी आणखी एका माणसाला पुरेल, आणि त्या दिवशी गंजाजवळ जी शेवटी बसते तिच्यासाठी दह्याची वाटी आधीच बाजूला काढून ठेवा.